डाव आणि गोष्ट

१८८१ सालच्या हिवाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्यापायी स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावी मुक्काम करून होता. बरोबर पत्नी फॅनी आणि तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा लॉइड. मुलगा तेरा वर्षांचा, स्टीव्हन्सन एकतिशीचा. घराच्या पोटमाळ्यावर या दोघांनी रंगीत खडूंनी जमिनीवरच मोठा नकाशा काढला होता. डोंगर, नद्या, पूल, गावं, रस्ते, सगळं त्यात होतं. त्या नकाशावर शिशाच्या सैनिकांच्या फौजा उभ्या राहत आणि एकेक मोहीम दिवसचे दिवस चाले. शिवाय स्टीव्हन्सन त्या लढायांच्या बातम्याही लिहून काढी, काल्पनिक वर्तमानपत्रांच्या नावानं आणि खऱ्या बातमीदाराच्या आवेशात. याच सुमारास लंडनच्या ‘यंग फोक्स’ साप्ताहिकात त्याची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि तिची उरलेली प्रकरणं तो दावोसलाच पुरी करत होता. त्या कादंबरीचा उगमही नकाशातच होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये, याच मुलाबरोबर रंगपेटी घेऊन बसल्यावर एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्यातून कथानक सुचलं.

चरित्रकार ही हकीकत लेखकाची एक लकब म्हणून सांगतात. मला ती त्याहून मोलाची वाटते. एकाच माणसाच्या हातून एकाच हिवाळ्यात एक डाव आणि एक गोष्ट अशी दोन्ही कामं चालली होती. डावात समोर कुणीतरी आपल्याला हरवायला बसलेलं असतं. गोष्टीत तसं कुणी नसतं. तिथे खलनायकही लेखकाच्याच हुकमतीत असतो. मग डावाला गोष्टीची आणि गोष्टीला डावाची गरज का पडावी? गेली काही वर्षं मित्रमंडळींबरोबर एका टेबलाशी खेळताना हा प्रश्न माझ्यासमोर येत राहिला आहे.

हे टेबल तीन फूट लांब, तीन फूट रुंद. त्यावर थर्मोकोल कोरून केलेल्या दरडी, पुठ्ठ्याचे भग्न कमानी-खांब, काथ्याची झुडपं, आणि या सगळ्यात वावरणारी २८ मिलिमीटर मापाची माणसं. खेळाचं नाव ‘पल्प अ‍ॅली’. अमेरिकेतल्या डेव्ह फिप्स यांनी तो रचला. प्रत्येक खेळाडूची एक टोळी असते, म्हणजे एक नायक किंवा नायिका, तिचा उजवा हात आणि काही साथीदार. टेबलावर पाच ‘प्लॉट पॉइंट’ मांडलेले असतात. एखादा फाटका नकाशा, एखादी कुलूपबंद पेटी, तोंड न उघडणारा एखादा साक्षीदार. चार दुय्यम, एक मुख्य. सहा फेऱ्यांच्या आत ते कोण हस्तगत करतं यावर हारजीत ठरते. प्रतिपक्षाची माणसं टिपत बसलात तर वेळ संपतो आणि हाती काहीच लागत नाही.

दोन नियमांवर या खेळाचा सगळा रंग अवलंबून आहे. पहिला नियम पुढाकाराचा. ज्याच्याकडे पुढाकार असतो तो पुढची चाल कुणी करायची हे ठरवतो. तो स्वतः खेळू शकतो किंवा समोरच्याला भाग पाडू शकतो, ‘आता तू खेळ.’ चकमक जिंकली, एखादा प्लॉट पॉइंट मिळवला की पुढाकार हात बदलतो. दुसरा नियम पत्त्यांचा. प्रत्येकाच्या हातात दैवाचे काही पत्ते असतात आणि ते दुसऱ्याच्या वाटेत संकट म्हणून टाकता येतात. तुमची नायिका झुलता पूल ओलांडू लागली की समोरचा शांतपणे पत्ता टाकतो आणि पुलाचा दोर कुजका निघतो. तुमच्या कथेतली संकटं अशा रीतीनं तुमचा प्रतिस्पर्धीच लिहीत असतो.

ज्या साहित्यावरून हा खेळ आला त्याचा इतिहास इथे थोडा पाहायला हवा. १८९६ मध्ये फ्रँक मन्सी यांनी आपलं ‘आर्गोसी’ मासिक संपूर्णपणे कथांना वाहिलं आणि लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापायला घेतलं. त्या लगद्यावरूनच पुढे सगळ्या जातीला ‘पल्प’ हे नाव पडलं. १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात एडगर राइस बरोज यांचा टारझन अवतरला. १९२३ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ निघालं, १९३१ मध्ये ‘द शॅडो’, १९३३ मध्ये ‘डॉक सॅव्हेज’. लेखकांना शब्दावर पैसे मिळत. जो भराभर लिही तो तगे. डॉक सॅव्हेजच्या बहुतेक कथा लिहिणाऱ्या लेस्टर डेंट यांनी सहा हजार शब्दांच्या कथेची एक कृतीच बांधून दिली होती. दीड-दीड हजार शब्दांचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागात नायकाला आधीपेक्षा खोल खड्ड्यात ढकलायचं. दुसऱ्या महायुद्धातली कागदटंचाई, मग पेपरबॅक आणि दूरचित्रवाणी यांपुढे ही मासिकं टिकली नाहीत. पण १९८१ मध्ये ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हा चित्रपट आला आणि त्या कथांचा वेग, फेल्ट हॅट आणि चाबूक नव्या पिढीच्या ओळखीचे झाले.

मराठी वाचकाला हे जग परकं नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीनं जीव टाकला होता. त्या वाचनातली एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. झुंजार सुटणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असे. पुढचं पुस्तक येणार आहे, तेव्हा नायक मरणार नाही. ‘डॉक सॅव्हेज’च्या वाचकालाही तेच ठाऊक होतं, पुढच्या महिन्याचा अंक निघायचाच होता. साहसकथेनं वाचकाला धोक्याचं वचन दिलं आणि धोका तेवढा कधी दिला नाही. कड्याच्या टोकाला लोंबकळणाऱ्या नायकाखाली लेखकानं आधीच जाळी बांधून ठेवलेली असे.

टेबलावर ती जाळी नसते. समोर बसलेल्या मित्राला माझी नायिका वाचावी असं मुळीच वाटत नाही. त्याला त्याचा नायक पुढे न्यायचा आहे. त्यामुळे कुजक्या दोराच्या पुलावर तिचं काय होणार हे मला माहीत नसतं आणि त्यालाही नसतं. साहसकथेनं जे कबूल केलं आणि स्वतःच्या बळावर कधीच पुरवलं नाही ते, म्हणजे खरी अनिश्चितता, तिला स्पर्धेकडून मिळते. मला सांगायचं आहे ते नेमकं हेच. माझ्या गोष्टीला खरेपणा येतो तो मला हरवू पाहणाऱ्या माणसामुळे. त्यानं जीव लावून विरोध केला नाही तर माझ्याजवळ नुसती रंगवलेली बाहुली उरते.

आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. अळीव पेरून हिरवळ उगवतात, बुरुजावर मावळे, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी बाजार मांडतात. छोट्या माणसांचं जग उभारण्याचा तो आनंद मला आमच्या टेबलावर जसाच्या तसा सापडतो. पण किल्ल्यावरचा मावळा जिथे ठेवला तिथे भाऊबीज उलटेपर्यंत उभा राहतो, कारण त्याची गोष्ट घडून गेलेली आहे. किल्ला तिचं स्मरण करतो. आमच्या टेबलावरच्या माणसाची गोष्ट अजून व्हायची असते आणि ती कशी होणार हे ठरवायला दोन विरुद्ध इच्छा लागतात.

रोजे काय्वा या फ्रेंच विचारवंतानं १९५८ मध्ये खेळांची चार वर्गांत विभागणी केली. स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड. बुद्धिबळात निव्वळ स्पर्धा, सोडतीत निव्वळ दैव, नाटकात सोंग, पाळण्यात भोवंड. आमच्या खेळात पहिली तीन एकत्र नांदतात आणि प्रत्येक दुसरीला आवर घालते. नुसती स्पर्धा असती तर मी टोळीची माणसं आकडे पाहून निवडली असती; सोंग मला आठवण देतं की ही बाई भित्री नाही, ती पुलावर जाणारच. नुसतं सोंग असतं तर आम्ही एकमेकांचं कौतुक करत बसलो असतो. स्पर्धा तसं बसू देत नाही. आणि दोघांच्याही हिशेबापलीकडचं काहीतरी दर फेरीला टेबलावर आणून टाकणारे फासे आहेतच.

फाशांविषयी आपल्या परंपरेइतकं खोल क्वचितच कुठे बोललं गेलं असेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात फाशांनी उद्ध्वस्त केलेला जुगारी स्वतःच बोलतो. महाभारतात द्यूतात सर्वस्व गमावून वनात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतात. त्या कथेत राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती हे एका दृष्टिक्षेपात सांगतो; नळ खाली उतरून मोजतो, तर आकडा बरोबर निघतो. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. नळ ऋतुपर्णाकडून ही विद्या, अक्षहृदय, शिकतो आणि कथा सांगून झाल्यावर बृहदश्व ती युधिष्ठिरालाही देतात. दैवाच्या हाती सापडलेल्या माणसाला महाभारतकारांनी दिलेलं औषध मोजणीचं आहे, हे मला विलक्षण वाटतं.

‘पल्प अ‍ॅली’त मोजणी साधी आहे. घाव बसला की प्रकृतीचा फासा टाकायचा. ४ किंवा वर आलं की निभावलं, नाहीतर फासा एका पायरीनं उतरतो. नायिकेचा फासा सुरुवातीला दहापैलू असतो, म्हणजे दहात सात वेळा ती वाचते. मग आठपैलू, आठात पाच. मग सहापैलू, निम्मेनिम्म. जखम वाढत जाते तशी हातातली वस्तूच लहान होत जाते आणि माणूस थकल्याचं बोटांना कळतं. हे गणित मला ठाऊक असतं, मित्रालाही असतं, तरी फासा गडगडत असताना दोघंही श्वास रोखून पाहतो. युधिष्ठिराच्या द्यूतात आणि यात फरक एवढाच की टेबलाबाहेरचं काही आम्ही पणाला लावत नाही. राज्य नाही, पैसा नाही, माणूस तर नाहीच. पणाला लागते ती फक्त त्या दुपारची गोष्ट. म्हणून तर धोका पुरता चाखता येतो.

लहान सैनिकांच्या खेळाची वंशावळ पाहिली तर तिच्या दोन शाखा दिसतात. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्यानं वडिलांच्या कल्पनेवर संस्कार करून ‘क्रीगश्पील’ तयार केला. नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच. सेनाप्रमुख म्युफलिंग तो पाहून भारावले आणि त्यांनी तो युद्धाचं शिक्षण म्हणून सैन्यात रूढ केला. तिथे समोरचा खेळाडू उद्याच्या शत्रूच्या जागी बसलेला होता. दुसरी शाखा एच. जी. वेल्स यांची. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्यांनी घरातल्या जमिनीवर, स्प्रिंगच्या तोफांनी खेळायच्या लढाईचे नियम दिले आणि शेवटी कळकळीनं मांडलं की खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती भलं, यात कुणाचं प्रेत पडत नाही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. वेल्स यांच्या शाखेत समोरचा माणूस जेवायला आलेला मित्र असतो आणि डाव संपल्यावरही तो मित्रच राहतो. आमचं टेबल त्या शाखेतलं. त्याला पंच नाही. ही मूर्ती त्या मूर्तीला दिसते की नाही असा प्रश्न आला की दोघंही गुडघ्यांवर बसतो, डोळे टेबलाच्या पातळीला आणतो आणि समोरचा विचारतो, “बघ रे, दिसतोय का तुला?” दिसत असेल तर दिसतोय असं सांगावं लागतं, स्वतःच्या नुकसानीचं असलं तरी.

पल्पचा वारसा मात्र डोळे मिटून घेण्याजोगा नाही. त्या कथांत पूर्वेकडची माणसं बहुधा दोनच कामांना असत, हमाल किंवा नरबळी देणारे पुजारी. १९८४ चा ‘टेंपल ऑफ डूम’ त्याच साच्यातून निघाला. भारत सरकारनं चित्रीकरणाला परवानगी दिली नाही आणि तो श्रीलंकेत चित्रित झाला. त्यातल्या खलनायकाच्या, मोलारामच्या, भूमिकेत आपले अमरीश पुरी होते. हा साचा आमच्या टेबलावरही आपसूक येऊ लागला तेव्हा आमच्यातल्या एका मैत्रिणीनं प्रसंगच बदलायचं ठरवलं. तिनं निवडलं १८१९ सालातलं अजिंठा.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मद्रास लष्करातला जॉन स्मिथ हा घोडदळाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता वाघूर नदीच्या घळीशी आला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आज उभ्या माणसाच्या नजरेच्या बरीच वर आहेत, कारण तो शतकानुशतकं साचलेल्या मातीदगडाच्या ढिगावर उभा होता. इतिहासात याला शोध म्हणतात. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊकच होती. मैत्रिणीनं आपल्या टोळीची नायिका केली ती घळीतल्या वाटा जाणणारी एक गावकरीण. तशी मूर्ती कुठे विकत मिळत नाही. तिनं विजार घातलेली एक संशोधक बाई घेतली, एम-सीलचा हरभऱ्याएवढा गोळा मळला, सुईच्या टोकानं त्याला चुण्या पाडत विजारीवर नऊवारीचा कासोटा बसवला. मग राखाडी अस्तर, वर गडद लाल रंग, आणि त्यावर पातळ तपकिरी पाणी. ते चुण्यांच्या खाचांत आपणहून उतरलं आणि लुगड्याला वजन आलं. शेवटी तीन केसांच्या कुंचल्यानं डोळे. ती बाई दोन बोटांत मावत होती, पण टेबलावर ठेवताच प्रसंगाचा मध्य तिच्याकडे सरकला. मुख्य प्लॉट पॉइंटही बदलला. चित्रावर नाव कोरलं जाण्याआधी तिथे पोचायचं, हे तिचं उद्दिष्ट.

स्मिथची टोळी माझ्याकडे होती आणि मी ती जिंकायलाच खेळलो. शेवटच्या फेरीत नायिका लेण्याच्या तोंडापासून दोन इंचांवर होती, प्रकृतीचा फासा सहापैलूवर आलेला. पुढाकार माझा. मी तिलाच चाल करायला लावली आणि हातातला शेवटचा पत्ता टाकला. कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं. तिनं फासा टाकला. दोन आला. नायिका उंबऱ्यावर कोसळली. क्षणभर टेबलाशी कुणी बोललं नाही आणि मग तीच उद्गारली, “मोहोळ! अरे, असा शेवट मला जन्मात सुचला नसता.” पुढे इतर मित्रांना हा डाव सांगायची वेळ आली तेव्हा तो तिनंच सांगितला, माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून. जिंकलो मी होतो, गोष्ट तिची होती. आणि तिच्या गोष्टीतलं सर्वांत चांगलं वाक्य मी, तिला हरवण्याच्या इच्छेनं, लिहिलं होतं.

सी. थी न्युयेन या तत्त्वज्ञानं २०२० च्या आपल्या पुस्तकात खेळाडूंमधला एक भेद दाखवला आहे. काहींना विजयच हवा असतो. काही जण विजयाची इच्छा तेवढ्या वेळापुरती मनोभावे धारण करतात, कारण त्या इच्छेवाचून धडपडीचा आनंद मिळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला डाव चालू असताना खरोखर जिंकायचं असतं. नाटक करून भागत नाही. पण डाव संपला की ती इच्छा त्याला सहज खाली ठेवता येते. माझ्या मते मित्रांच्या टेबलावर ही दुहेरी साधना चालते. इच्छा पूर्ण ताकदीनं धरणं आणि वेळ होताच ती सोडणं. यातलं एकच जमलं तर डाव बिघडतो. पहिलंच जमलं तर रडीचा डाव होतो, मोजपट्टी अर्धा इंच पुढे सरकते, हरलेला तोंड पाडून बसतो. दुसरंच जमलं तर आपण समोरच्याला लिंबूटिंबू करून टाकतो. लहानपणी ज्याला खेळात घ्यायचं पण बाद करायचं नाही अशा पोराला हे नाव होतं, आणि त्या पोराला आपली गणतीच नाही हे बरोबर कळत असे. मित्राला मुद्दाम जिंकू देणं हा त्याचा तसाच अव्हेर आहे. त्याच्या नायिकेखाली आपण पुन्हा ती जाळी बांधतो आणि तिच्या धाडसाची किंमत काढून घेतो.

आपल्या आयुष्यात विरोधाची रूपं बहुतेक कडवट असतात. कचेरीतली चढाओढ, वाटणीवरून धरलेले अबोले, मतभेदातून तुटलेली घरं. मनापासून केलेला विरोध आणि मनापासूनचा जिव्हाळा एकाच माणसाकडून, एकाच वेळी मिळण्याची जागा फार थोडी. टेबलावरचा डाव ती जागा करून देतो, आणि ती शिकवणीची जागा आहे असं मी मानतो. दुसऱ्याची स्वतंत्र इच्छा आपल्या मार्गात आली की आपली गोष्ट बिघडते, हा समज तिथे हळूहळू गळून पडतो. एकट्यानं ठरवलेली गोष्ट आपल्या कल्पनेएवढीच राहते. दुसऱ्याच्या इच्छेशी झगडून आलेली गोष्ट दोघांच्याही कल्पनेच्या पुढे जाते. स्टीव्हन्सनला पोटमाळ्यावर त्या तेरा वर्षांच्या पोराशी खरोखर लढावंसं वाटलं, याचं कारण मला इथे सापडतं. कथालेखकाला आपल्या हुकमतीत नसलेला प्रतिपक्ष कुठेतरी भेटावा लागतो.

म्हणून ज्याच्याशी डाव मांडतो त्याच्याकडून मी एवढंच मागतो. त्यानं माझ्यावर त्याचे सर्वांत वाईट पत्ते टाकावेत, माझ्या फायद्याचा नियम मी विसरलो तर तो मला सांगावा, आणि हरला तर काय काय झालं ते दिलखुलास सांगत बसावं. त्याचं माझ्याकडे येणंही एवढंच आहे, आणि ते चुकतं करायला मी दर डावाला पूर्ण तयारीनिशी बसतो.